शेडूर सँडर्स 144 व्या क्रमांकापर्यंत का घसरला, आणि कोलोरॅडोला त्याच्यामागे काय उरलं?

प्रश्न थोडक्यात असा: कोलोरॅडो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) शेडूर सँडर्स 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंना फेरीफेरीने निवडतात तिथे, पहिल्या दहांत जाईल असं महिनोन्‌महिने सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात तो पाचव्या फेरीत, 144 व्या क्रमांकावर क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला. हा सूड होता, वडील आणि तेव्हाचे कोलोरॅडोचे मुख्य प्रशिक्षक डीऑन सँडर्स यांच्यावरचा राग होता, की खेळातच काही कमी होतं? आणि तो असताना आणि गेल्यावर विद्यापीठाच्या संघाचं काय झालं?

आधी मत सांगतो, मग हिशेब. तो पहिल्या पाचांतला खेळाडू नव्हता. पाचव्या फेरीतलाही नव्हता. खेळ पाहून माझ्या लेखी त्याची जागा दुसऱ्या फेरीच्या आसपास होती. तिथून पाचवीपर्यंतची घसरण खेळामुळे कमी आणि क्वार्टरबॅकच्या बाजाराच्या विचित्र घडणीमुळे जास्त झाली.

आकड्यांपासून सुरू करू, कारण त्याच्या बाजूचे आकडे भक्कम आहेत. 2023 मध्ये 430 पैकी 298 पास पूर्ण, 3,230 यार्ड, 27 टचडाउन, 3 इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). 2024 मध्ये 477 पैकी 353, 4,134 यार्ड, 37 टचडाउन, 10 इंटरसेप्शन. दोन्ही वर्षं मिळून 907 पैकी 651, म्हणजे 71.8 टक्के. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात कारकिर्दीची ही टक्केवारी विक्रमी आहे. 2024 मध्ये त्याला जॉनी युनायटस गोल्डन आर्म पुरस्कार मिळाला, बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटाचा त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडूही तोच. बॉल नेमका कुठे ठेवायचा, रिसीव्हरच्या (झेल घेणाऱ्याच्या) कोणत्या खांद्यावर, किती उंच, ही समज त्याच्याकडे आहे आणि ती शिकवून सहसा येत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच दोन वर्षांत तो 52 आणि 42 वेळा, एकूण 94 वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला. नुसत्या संख्येवर जाऊ नका, दर काढा. सॅक भागिले पासचे प्रयत्न अधिक सॅक. 2023 मध्ये 52 भागिले 482, म्हणजे 10.8 टक्के. 2024 मध्ये 42 भागिले 519, म्हणजे 8.1 टक्के. एनएफएलमध्ये हा दर साधारण सहा-सात टक्क्यांच्या घरात असतो, तोही तिथल्या बचावफळ्यांविरुद्ध. कॉलेजमध्येच दर त्याच्या वर असेल, तर पारखणारा माणूस थांबतो आणि विचारतो, दोष कोणाचा?

कोलोरॅडोचे चाहते म्हणतात, लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) भिकार होती. बरोबर आहे, 2023 ची होतीच. पण 2024 मध्ये डाव्या टॅकलला, म्हणजे लाइनच्या डाव्या कडेला, जॉर्डन सीटनसारखा शाळेतून पंचतारांकित मानांकन घेतलेला मुलगा आला, लाइन जवळजवळ नवी बसवली गेली, तरी 42 सॅक पडले. इथे टेप, म्हणजे सामन्याचं चित्रण, बघावी लागते, आणि ती टीव्हीच्या कॅमेऱ्याची नव्हे. बावीसही खेळाडू दिसतात तो उंचावरचा कोन लागतो, शिवाय एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागचा.

बघायचं ते असं. शॉटगन या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या, म्हणजे बॉल मागे देणाऱ्या खेळाडूच्या, मागे पाचेक यार्डांवर उभा असतो. स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे आला, की दोन-तीन पावलं मागे जाऊन तो सात ते नऊ यार्डांवर स्थिर व्हायला हवा. टॅकल हाच बिंदू धरून काम करतो. कडेने धावून येणाऱ्या बचावपटूला तो अडवत नाही, त्याला बाहेरून, क्वार्टरबॅकच्या मागून पुढे ढकलून देतो. क्वार्टरबॅक आठ यार्डांवर असेल तर तो धावणारा त्याच्या पाठीमागून निघून जातो आणि पुढे पाऊल टाकायला पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनने राखलेल्या घेऱ्यात, जागा मिळते. क्वार्टरबॅक मागे सरकत अकरा-बारा यार्डांवर गेला, तर टॅकलने बरोबर ढकललेला तोच माणूस थेट त्याच्या अंगावर येतो. स्कोअरशीटवर दोष टॅकलचा दिसतो. चूक पायांची असते.

सँडर्सची सवय नेमकी हीच. दबाव आला की पुढे पाऊल टाकण्याऐवजी तो मागे सरकतो, मग बाजूला वळतो, आणि खेळ जिवंत ठेवण्याच्या नादात तीन यार्डांचं नुकसान बारा यार्डांचं करून बसतो. बाजूला पळून मारलेले त्याचे काही पास इतके देखणे आहेत की हायलाइट्स बघणाऱ्याला हा गुणच वाटतो. कॉलेजमध्ये अनेकदा तो गुण ठरतोही. एनएफएलमध्ये बचावफळीच्या कडेला उभी असलेली 120 किलोची माणसं त्याच्यापेक्षा वेगाने पळतात, त्यामुळे तिथे मागे जाण्याची किंमत दुप्पट.

एकच सामना उघडायचा असेल तर 12 ऑक्टोबर 2024 चा कॅन्सस स्टेटविरुद्धचा उघडा. सँडर्सने 40 पैकी 34 पास पूर्ण केले, 388 यार्ड, तीन टचडाउन. त्याच सामन्यात सहा सॅक. संघाचा मुख्य रिसीव्हर ट्रॅव्हिस हंटर खांद्याला मार लागून बाहेर गेलेला. कोलोरॅडो 28-31 हरलं. त्याच्यावर खूश असलेला आणि नाखूश असलेला, असे दोन्ही स्काउट (खेळाडू पारखणारे) याच टेपवर बोट ठेवून आपापलं म्हणणं सिद्ध करू शकतात. त्यानंतर बीवायूविरुद्धचा (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) हंगामअखेरचा सामना, अलामो बोल, बघा: 36-14 चा पराभव, दोन इंटरसेप्शन. बचावाने शिस्तीत झाकलेले रिसीव्हर, पहिला पर्याय बंद, आणि दुसऱ्याकडे जाण्याआधीच पाय मागे निघालेले.

टेप बघताना मोबाइलचं स्टॉपवॉच वापरा. स्नॅप ते बॉल हातातून सुटेपर्यंत अडीच सेकंदांच्या आत गेलेले पास एका रकान्यात, तीन सेकंदांच्या वरचे दुसऱ्यात. अशा पन्नास-साठ खेळांवर चित्र स्पष्ट होतं. पहिल्या रकान्यात सँडर्स पहिल्या फेरीचा खेळाडू दिसतो. दुसऱ्यात चढउतार फार आहेत, आणि बहुतेक सॅक तिथेच सापडतात. एक पथ्य मात्र पाळा: स्क्रीन पास (लाइनच्या मागेच दिलेले आखूड पास) वेगळे काढा. ते रिसीव्हरच्या पायांवर चालतात, आणि टक्केवारी फुगवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

रनिंग गेमची, म्हणजे बॉल घेऊन धावण्याचीही एक गोम सांगायला हवी. कोलोरॅडो दोन्ही वर्षं सामन्याला सरासरी 70 यार्डांच्या आत धावलं, म्हणजे देशाच्या तळाशी. संपूर्ण ओझं पासवर. सँडर्सच्या बाजूने हा खरा युक्तिवाद आहे: तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) आठ यार्ड हवे आहेत हे समोरच्याला माहीत असताना त्याला 71 टक्के पास पूर्ण करावे लागले. पण कॉलेजच्या नियमाने सॅकचे यार्ड संघाच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये पासमधून. म्हणजे तो तळाचा आकडा काही अंशी त्याच्याच सॅकनी खाली ओढलेला आहे. युक्तिवाद करताना हे दोन्ही एका दमात सांगावं लागतं.

शरीराची मापं इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामाईक चाचणीत, घेतली गेली: उंची सहा फूट दीड इंच, वजन 212 पौंड, पंजा 9 पूर्णांक 3/8 इंच. यात अडचण काहीच नाही, पण डोळे दिपवणारंही काही नाही. हात मध्यम ताकदीचा. धावून सामना फिरवणारा तो नाही. पहिल्या पाचांत जाणाऱ्या क्वार्टरबॅककडे सहसा एक तरी गोष्ट अशी असते जी प्रशिक्षक शिकवू शकत नाही: जॉश ॲलनचा हात किंवा लमार जॅक्सनचे पाय. सँडर्सकडे अचूकता आणि मार खाऊन उठण्याची तयारी आहे. हे गुण सुरुवातीपासून खेळणाऱ्या क्वार्टरबॅकला पुरतात, पण पहिल्या पाचांतली किंमत मिळवून देत नाहीत.

कम्बाइनमध्ये त्याने थ्रो केला नाही, 4 एप्रिलला बोल्डर गावातल्या आपल्याच विद्यापीठाच्या शोकेसमध्ये केला. ड्राफ्टच्या उमेदवारांच्या प्रदर्शनी सामन्याच्या, ईस्ट-वेस्ट श्राइन बोलच्या, आठवड्यात हजर होता, सामना खेळला नाही. यावरून त्याला बरीच नावं ठेवली गेली, पण पहिल्या क्रमांकावर गेलेल्या कॅम वॉर्डनेही कम्बाइनमध्ये थ्रो केला नव्हता. फरक जागेचा आहे. अव्वल असलेल्याने लपवलं तर त्याचं काही जात नाही. दुसऱ्या की तिसऱ्या क्रमांकाचा, असा वाद ज्याच्याबद्दल चालू आहे त्याने प्रतिस्पर्ध्यांशेजारी उभं राहून थ्रो करायला हवा. जॅक्सन डार्ट आणि टायलर शफ यांनी तो केला.

मुलाखतींबद्दल निनावी तक्रारी खूप छापून आल्या. निनावी तक्रारीवर मत बनवू नये, कारण एप्रिलमध्ये खेळाडूची किंमत खाली यावी असं ज्यांना वाटतं तीच मंडळी बोलत असतात. मुलाखतीत होतं काय, एवढं माहीत असलं की पुरे. कम्बाइनमध्ये एका संघाला वीसेक मिनिटं मिळतात. तुमच्याच वाईट खेळांची क्लिप लावतात आणि विचारतात, इथे काय दिसलं, बॉल कुठे जायला हवा होता. संघाच्या मुख्यालयातल्या भेटीत प्लेबुकमधल्या काही चाली शिकवतात, विषय बदलतात, आणि तासाभराने फळ्यावर त्या तशाच्या तशा काढायला सांगतात. तिथे "लाइन कमजोर होती" हे उत्तर खरं असलं तरी महाग पडतं. प्रशिक्षकाला "मी दोन यार्ड जास्त मागे गेलो" हे ऐकायचं असतं, कारण ते त्याला दुरुस्त करता येतं.

आता बाजार. क्वार्टरबॅकची मागणी ही संगीत खुर्ची आहे, आणि 2025 च्या मार्चमध्ये खुर्च्या भराभर उचलल्या गेल्या. लास व्हेगास रेडर्सनी जिनो स्मिथला घेतलं. न्यूयॉर्क जेट्सनी जस्टिन फील्ड्सला. जायंट्सनी रसेल विल्सन आणि जेमिस विन्स्टनला करारबद्ध केलं. पिट्सबर्ग ॲरन रॉजर्सची वाट बघत बसलं. टेनेसीने वॉर्डला पहिल्या क्रमांकावर घेतलं. दुसरा क्रमांक क्लीव्हलँडकडे होता, तो त्यांनी जॅक्सनव्हिलला विकला आणि जॅक्सनव्हिलने घेतलं सँडर्सच्याच संघातल्या ट्रॅव्हिस हंटरला. जायंट्सनी तिसऱ्यावर अब्दुल कार्टरला घेतलं आणि पुन्हा वर येऊन 25 व्यावर डार्टला. न्यू ऑर्लीन्सने 40 व्यावर शफ निवडला. तिथे सँडर्ससाठी खऱ्या मागणीचा शेवट झाला.

त्यानंतर जे घडलं ते खेळाडूंच्या यादीवरून कळत नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत घेतलेला क्वार्टरबॅक म्हणजे "हा सुरुवातीचा होऊ शकतो" अशी गुंतवणूक. तिसऱ्या फेरीनंतरचा म्हणजे राखीव. आणि राखीव क्वार्टरबॅककडून संघाला एकच हवं असतं: आठवडाभर सराव, बैठकांत मदत, बाहेर चर्चा शून्य. सँडर्स म्हणजे हॉल ऑफ फेममधल्या डीऑन सँडर्सचा मुलगा, रोज कॅमेरे, आणि सुरुवातीच्या क्वार्टरबॅकने एक इंटरसेप्शन टाकला की गॅलरीतून त्याच्या नावाचा घोष. हे त्याच्या वागण्याबद्दलचं विधान नाही. संघांना जी डोकेदुखी दिसली ती इतकीच. त्यामुळे पहिल्या गटाच्या खाली गेला की तो पायरी-पायरीने उतरणार नव्हता, एकदम खाली येणार होता. तिसऱ्या फेरीत सिॲटलने 92 व्यावर जेलन मिलरो घेतला, क्लीव्हलँडने 94 व्यावर डिलन गॅब्रिएल. त्याच क्लीव्हलँडने शनिवारी 166 आणि 192 असे दोन क्रमांक सिॲटलला देऊन 144 वा घेतला आणि सँडर्सला निवडलं. एकाच संघाने दोन दिवसांत दोन क्वार्टरबॅक, आणि आधी दुसराच!

पैशांत ही घसरण कशी दिसते? नवोदितांचे करार क्रमांकानुसार जवळपास ठरलेले असतात, चार वर्षांचे. वॉर्डचा सुमारे 4 कोटी 88 लाख डॉलरचा, 25 व्यावरच्या डार्टचा सुमारे 1 कोटी 70 लाखांचा, सँडर्सचा सुमारे 46 लाखांचा. शिवाय करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा हक्क फक्त पहिल्या फेरीतल्यांवर संघाला मिळतो. हे वाईटच असतं असं नाही. चांगला खेळला तर पाचव्या फेरीतला मुलगा एक वर्ष आधी मोकळ्या बाजारात येतो. पण चांगला खेळण्याची संधी त्याला कमी मिळते, कारण त्याच्यावर कोणाचं काही पणाला लागलेलं नसतं.

संधी त्याला नोव्हेंबरमध्ये मिळाली. गॅब्रिएल बॉल्टिमोरविरुद्ध जखमी झाला, सँडर्स उतरला आणि 23 नोव्हेंबर 2025 ला लास व्हेगासमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळून 24-10 जिंकला. टेनेसीविरुद्ध 364 यार्ड टाकून 29-31 हरला, समोर वॉर्ड. हंगामअखेर, सुरुवातीपासून खेळलेल्या सात सामन्यांत तीन विजय, पासवर 7 टचडाउन आणि 10 इंटरसेप्शन. 144 व्या क्रमांकाला हे भरपूर झालं. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचं असतं तर गावभर बोंब झाली असती.

आता विद्यापीठाकडे. 2022 मध्ये कोलोरॅडो 1-11 होतं, म्हणजे एक विजय, अकरा पराभव. डिसेंबरमध्ये डीऑन सँडर्स मुख्य प्रशिक्षक म्हणून जॅक्सन स्टेट विद्यापीठाहून आले, शेडूर आणि हंटर पाठोपाठ. पन्नासच्या वर जुने खेळाडू बाहेर पडले. पहिल्याच सामन्यात, 2 सप्टेंबर 2023 ला, आदल्या हंगामातल्या उपविजेत्या टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) त्यांच्याच मैदानात 45-42 ने हरवलं. सँडर्सचे 510 यार्ड, चार टचडाउन. त्या हंगामात पन्नास हजार आसनांच्या फॉल्सम फील्डवरच्या सहाही घरच्या सामन्यांची सगळी तिकिटं विकली गेली. शेवट मात्र 4-8. 2024 मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये गेल्यावर 9-4, आणि हंटरला हाइझमन, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार. 2025 च्या मार्चमध्ये डीऑन यांना पाच वर्षांचा 5 कोटी 40 लाख डॉलरचा करार मिळाला. या करारातला मोठा वाटा शेडूरच्या उजव्या हाताचा आहे, असं म्हटलं तर कोणी रागावू नये.

मग 2025: 3-9.

हे समजून घेण्यासारखं आहे. चांगला क्वार्टरबॅक संघातले दोष झाकतो, दुरुस्त करत नाही. रनिंग गेम नव्हता तो तिसऱ्या डाउनच्या पासने झाकला गेला. लाइन कमकुवत होती ती त्याने मार सोसून झाकली. पासची अचूकता आणि 96 झेल घेणारा हंटर, दोन्ही एकाच वेळी गेले. लाजॉन्टे वेस्टर आणि जिमी हॉर्न हे रिसीव्हरही त्याच ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत गेले. खाली जे आधीपासून होतं ते उघडं पडलं. लिबर्टीहून आलेला केडन सॉल्टर पायांवर खेळणारा क्वार्टरबॅक. दोन वर्षं पॉकेटमधून पास टाकण्यासाठी बांधलेली आक्रमणाची चौकट त्याच्यासाठी पुन्हा उभी करावी लागली आणि ती कधी नीट बसलीच नाही. आयोवा स्टेटला 24-17 ने हरवलं ही एक चांगली दुपार, आणि युटाकडून 7-53 चा पराभव ही तितकीच वाईट रात्र.

ट्रान्स्फर पोर्टलवर, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठांतून आलेल्या खेळाडूंवर, बांधलेल्या संघात ही दरी जास्त खोल असते. शाळेतून घेतलेला मुलगा दोन वर्षं मागे बसून चाली शिकतो, आणि पुढचा गेला की तो तयार असतो. पोर्टलमधून आलेला मुलगा खेळायला येतो, बसायला नाही. त्यामुळे शेडूरच्या मागे त्याच चौकटीत घडलेला दुसरा क्वार्टरबॅक कोलोरॅडोकडे नव्हता. 2025-26 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. हे पैसे एका क्वार्टरबॅकवर ओतायचे की पाच लाइनमनवर वाटायचे, हा आता खरा प्रश्न. कोलोरॅडोचं उदाहरण बघता मी लाइनच्या बाजूने आहे.

एप्रिल 2025 मध्ये, ड्राफ्टच्या काही दिवस आधी, विद्यापीठाने शेडूरचा 2 आणि हंटरचा 12 क्रमांक निवृत्त केला. हंटरबद्दल कोणाला हरकत नसावी. शेडूरचं घाईचं वाटतं. 1990 चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या संघाचे लोक अजून त्याच गावात राहतात.

तरी त्याने मागे एक गोष्ट ठेवली आणि ती कागदावर मोजता येत नाही: उत्तम पास टाकणाऱ्या मुलाला बोल्डर हा पर्याय वाटू लागला. जॉर्जियाच्या शाळेतला क्वार्टरबॅक ज्युलियन लुईस यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) दिलेला शब्द मागे घेऊन नोव्हेंबर 2024 मध्ये कोलोरॅडोकडे वळला. 2022 च्या 1-11 च्या संघाकडे असा मुलगा फिरकलाही नसता. 2025 मध्ये हंगाम हातचा गेल्यावर त्याला सुरुवातीपासून खेळवलं आणि एकूण चार सामन्यांनंतर थांबवलं, कारण त्या हंगामाच्या नियमाने चारपर्यंत सामने खेळले तर पात्रतेचं ते वर्ष खर्ची पडत नव्हतं. कॅन्सस स्टेटविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात पुन्हा सॉल्टर उतरला. सामना हरला तरी लुईसची कॉलेजमध्ये खेळण्याची चार वर्षं शाबूत राहिली.